मारवेलला पहिलं वर्ष द्या

(सामुदायिक रेडिओवर मे महिन्यात झालेलं भाषण)

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो. त्यानंतर जे फोन आले, त्यातले निम्मे लसीबद्दल नव्हतेच. चाऱ्याबद्दल होते. मे महिना चालू आहे, दुसरं काय विचारणार म्हणा! कारखाने बंद झाले तसं उसाचं वाढं बंद झालं, कडब्याची गंज तळाला आली, आणि विकतचा कडबा घ्यावा तर दुधाचे पैसे त्यातच जातात. एका ताईंनी विचारलं, "नेपियर लावायला पाणी नाही. पाण्याशिवाय येणारं एखादं गवत सांगा." तेव्हा आज त्याच गवताबद्दल बोलायचं आहे. ते नवीन नाही. तुमच्या सासूबाईंना, आजेसासूबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. त्याचं नाव मारवेल.

आधी ओळख पटवून घेऊ, कारण एकाच गवताला चार गावांत चार नावं असतात. म्हणून नावावर जाऊ नका, काडी हातात घ्या. काडीवर जिथं पेर असतं, तिथं मारवेलला पांढऱ्या केसांचं कडं असतं. मनगटाला पांढरा दोरा बांधावा तसं. बोटानं चाचपलं तरी कळतं. आणि भादव्यात-अश्विनात तुरा आला की बघा. काडीच्या शेंड्याला एकाच ठिकाणाहून तीन-चारपासून सात-आठपर्यंत बारीक बोटं फुटलेली दिसतील, जांभळट रंगाची. या दोन खुणा जुळल्या की ते मारवेल. आज माळावर शोधायला गेलात तर वाळून गेलेलं असेल. शेताचा जुना बांध, ओघळीचा काठ, विहिरीच्या धावेजवळची जागा, देवळाच्या कुंपणाच्या आतली बाजू, असं जिथं जनावराचं तोंड फारसं पोचत नाही, तिथं बघा. तिथं ते अजून टिकून आहे.

हे उन्हातलं गवत आहे. म्हणजे काय, तर आपली ज्वारी जशी ऊन सोसते, गव्हाला मात्र थंडी लागते, तसा गवतांतही भेद असतो. मारवेल हे ज्वारी, मका, उसाच्या भाऊबंदकीतलं. तापलेल्या दिवसांत, थोड्या पाण्यावर ते भराभर वाढतं. पाऊस थांबला की वरचं पान वाळवतं आणि गड्ड्यात जीव धरून बसतं. पुढच्या मृगाला पुन्हा हिरवं. दरवर्षी पेरायला नको, नांगरायला नको.

नेपियर वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी आहे त्यांनी नेपियर जरूर लावावं, त्याच्याएवढा हिरवा ढीग मारवेल देणार नाही. पण नेपियरला पाणी द्यावं लागतं ते नेमकं त्या महिन्यांत, जेव्हा घरातल्या हंड्याची पंचाईत असते. आणि ते पाणी कोण देतं, कापून कोण आणतं, हे तुम्हाला सांगायला नको. मारवेल पावसात वाढतं, दिवाळीच्या आधी कापून वाळवून ठेवता येतं, आणि शिमग्यानंतर जेव्हा डोक्यावर पंचवीस-पंचवीस किलोचे भारे घेऊन तीन-तीन कोस फिरायची पाळी येते, तेव्हा ते घरामागच्या गंजीत असतं. मला या गवताचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हा.

आता प्रश्न असा, की एवढं चांगलं गवत होतं तर गेलं कुठं?

भारतभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली एक मोठं पुस्तक निघालं. त्यात आपल्या दख्खनच्या पठाराची ओळख ज्या दोन गवतांवरून दिली आहे, त्यातलं एक आपल्या पवना-शेडा या कुळातलं आणि दुसरं मारवेलच्या. शास्त्रीय नावं सेहिमा आणि डायकँथियम. म्हणजे आपला माळ मुळात या गवतांचा. मग त्यावर गरजेपेक्षा जास्त जनावरं, आणि तीही बारा महिने, चरत राहिली. जनावर आधी चवीचं खातं, जसं ताटातलं पोर आधी शेंगदाणे वेचतं. मारवेल मऊ आणि चवीचं. त्यामुळं पहिला घाला त्याच्यावर. ते बी धरायच्या आत खाल्लं जातं, परत फुटतं, परत खाल्लं जातं, आणि एक दिवस गड्ड्यातला साठा संपतो. मोकळ्या झालेल्या जागेत कुसळी शिरते. कुसळी तुम्हाला माहीतच आहे, साडीचा काठ आणि पोरांचे पाय तिनं भरतात. कोवळी असताना जनावर तिला तोंड लावतं, पण कुसळ धरलं की मेंढ्यांची तोंडं फोडते, लोकरीत अडकून कातडीत घुसते. त्यावरही चराई चालूच राहिली तर कुसळीही हटते आणि तीन केसांचं ते काडीसारखं बारीक गवत येतं, ज्याला गाढवसुद्धा विचारत नाही. त्यानंतर नुसता मुरूम. तुमच्या गावचा माळ या उतरंडीवर कुठल्या पायरीवर आहे, ते येत्या पावसाळ्यात बघून या. कुसळी माजलेली दिसली तर निराश होऊ नका. त्या मातीत अजून दम आहे, मारवेल परत येऊ शकतं.

माळाला काडी लावायची एक जुनी खोड आपल्याकडं आहे. जाळलं की पुढचं गवत जोमदार येतं, असं म्हणतात. पहिल्या पावसानंतर हिरवं लवकर दिसतं खरं. पण दरवर्षीच्या वणव्यात जो टिकून राहतो तो बहुधा कुसळीचा, कारण तिचं बी कुसळाच्या पीळानं जमिनीत शिरून बसतं. मारवेलचं हलकं, लवदार बी वरच पडून असतं, ते जळतं. शिवाय वरचा पालापाचोळा राख होतो आणि पहिल्या वळवाबरोबर मातीही वाहून जाते. आणखी एक सांगते, कारण हल्ली हे फार होतंय. माळ दिसला की तो पडीक म्हणायचा आणि झाडं लावायला खड्डे खणायचे. झाडं लावावीत, जरूर लावावीत, पण शाळेत, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी. गवताच्या माळाची चाळण करून त्यात गिरिपुष्प लावलं तर चारा गेला आणि माळढोक-चिंकारासारख्या गवतात राहणाऱ्या जीवांची जागाही गेली. सातबाऱ्यावर काहीही लिहिलेलं असो, ज्या जमिनीवर गावाची दोनशे शेरडं जगतात ती पडीक कशी?

बरं, लावायचं कसं ते बघू.

पहिल्यांदा जागा. मारवेलला थोडी माती लागते. काळी, मध्यम, चिकण, अगदी थोडी खारवट झालेलीही चालते. शेताचे बांध, ताली, ओघळीचे काठ, गायरानातला सपाट खोलगट भाग, या त्याच्या जागा. डोंगराच्या उतारावर, जिथं दोन बोटं मातीखाली मुरूम लागतो, तिथं मारवेलचा हट्ट धरू नका. तिथं पवना आणि डोंगरी गवत शोभतात. दाट झाडाखालीही ते रोडावतं.

लागवड दोन प्रकारे होते, ठोंबांनी किंवा बियांनी. मी सांगेन, पहिल्या वर्षी ठोंबांनीच करा. बी हातात यायला अवघड, उगवायला लहरी. ठोंब म्हणजे जुन्या गड्ड्यातून मुळांसकट वेगळे केलेले फुटवे. दोन-तीन काड्या आणि त्यांना मुळ्या असल्या की एक ठोंब झाला. वरचं पान अर्धी वीत ठेवून छाटायचं, म्हणजे पाणी उडून जात नाही. एक जुना, पसरलेला गड्डा फोडला तर वीस-तीस ठोंब सहज निघतात. मात्र एका जागचे सगळे गड्डे उपटून आणू नका. चारातला एक घ्या.

ओळींत दीड फूट आणि दोन ठोंबांत एक फूट अंतर ठेवलं तर एका गुंठ्याला साधारण सातशे ठोंब लागतात. बांधावर दोन ओळी लावायच्या तर शंभर फुटांना दोनशे. आकडा ऐकून घाबरू नका. एका गटातल्या दहाजणींनी मिळून एका सकाळी एकीचा बांध करायचा, दुसऱ्या दिवशी दुसरीचा, अशी इर्जिक घाला. भांगलणीला जशा एकमेकींकडं जातो तसंच.

वेळ मात्र चुकवू नका. मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच धावू नका, तो पुष्कळदा फसवतो. हातभर ओल गेली, आभाळ भरलेलं आहे, अशा दिवसांत लावा. मृगाचा शेवट ते आर्द्रा ही चांगली वेळ. आधी गुंठ्याला दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत टाकून जागा हलवून घ्या. हराळी असेल तर ती मुळासकट वेचा, नाहीतर ती मारवेलला वर येऊ देणार नाही. ठोंब लावल्यावर भोवतीची माती पायानं घट्ट दाबा. मुळाशी पोकळी राहिली की ठोंब वाळतो. पंधरा-वीस दिवसांनी फेरी मारून जे मेले असतील तिथं दुसरे लावा. यासाठी शंभरातले दहा ठोंब एका कोपऱ्यात दाटीनं लावून ठेवायचे, आपण मिरचीची रोपं राखून ठेवतो तसे.

ज्यांना बी पेरायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बी फुलकं असतं, वाऱ्यानं उडतं, म्हणून चाळलेली माती, शेण आणि थोडी वाळू यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा. एकराला दोन किलोच्या आसपास बी पुरतं. गोळी मातीत पुरू नका, वरच्या वर ठेवून हलका हात फिरवा. खोल गेलेलं बी वर येत नाही. आणि बी मागच्या हंगामातलं हवं. नुकतंच झडलेलं बी झोपेत असतं, त्याला काही महिने ठेवावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत, त्यांचेही ठोंब मिळतात. पाणी देऊन पुष्कळ कापण्या घ्यायच्या असतील तर ते घ्या. नुसत्या पावसावर माळ सुधारायचा असेल तर आपल्याच शिवारातलं, आपल्याच मातीत टिकलेलं मारवेल पहिलं.

हे मी उगाच सांगत नाही. आपलं हेच मारवेल मागच्या शतकात अमेरिकेत, टेक्सास राज्यात गेलं, गुरांच्या चाऱ्यासाठी. तिथं ते इतकं फोफावलं की तिथली मूळची गवतं मागं हटू लागली, आणि आता तिथले लोक त्याला काढायच्या मागं आहेत. तिथलीही मोठमोठी गवताळ मैदानं आहेत, त्यांची स्वतःची उन्हाळी गवतं आहेत, मारवेलच्या नात्यातलीच. त्यांना ती हवी आहेत आणि आपल्याला आपली. त्यामुळं कुणी परदेशी बियाण्याची पुडी घेऊन आलं आणि "ताई, एकदा टाका, मग बघा" म्हणालं, तर ती गायरानात उधळू नका. आधी विचारा, चौकशी करा.

आता येते खरी परीक्षा, पहिलं वर्ष.

ठोंब लावून तीन महिने झाले, पाऊस बरा झाला, आणि तुम्ही बघता तर काय, गवत वीतभर, फार तर हातभर. शेजारची हराळी गुडघ्याला लागतेय. घरात टोमणे सुरू होतात. "एवढी बायकांची फौज लावली, आणि हे काय उगवलं? सोडा त्यात शेरडं." मैत्रिणींनो, शेरडं सोडायची नाहीत. त्या वर्षी मारवेल वर वाढत नसतं, खाली वाढत असतं. एक ठोंब हळूच खणून बघा, वरच्या पानापेक्षा खालचं मुळांचं जाळं कितीतरी मोठं दिसेल. गवताचं अन्न पान तयार करतं आणि मुळाकडं पाठवतं. पान खाल्लं गेलं की मूळ स्वतःचं साठवलेलं खर्चून नवं पान काढतं. जुन्या गड्ड्याला हा खर्च परवडतो, तो चराईसुद्धा सोसतो. नव्या ठोंबाकडं साठाच नसतो. शिवाय मूळ धरलेलं नसलं तर जनावर पान ओढताना अख्खा ठोंबच उपटून येतो. एका दिवसाच्या चराईनं सगळ्या पावसाळ्याची मेहनत जाते.

त्या वर्षी काम एवढंच. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी एक भांगलण, गरज पडली तर महिन्यानं दुसरी. तुरा येऊ द्यायचा, बी झडू द्यायचं, मग दिवाळीनंतर वरचं वाळलेलं विळ्यानं कापून न्यायचं. पहिल्या वर्षाचं उत्पन्न ते एवढंच. दुसऱ्या वर्षी फुटवे दाटतात, आणि तिसऱ्या वर्षी तोच बांध ओळखू येत नाही.

आपल्या स्वतःच्या बांधावर हे जमतं. गायरानात अवघड होतं, आणि तिथं बोलताना मला जरा सावकाश बोलायचं आहे.

एका गावात गटाची बैठक चालू होती. गायरानात मारवेल लावायचं, वर्षभर चराई बंद ठेवायची, असं सगळ्याजणी म्हणत होत्या. मागं बसलेल्या एक मावशी उठल्या. जमीन नाही, चार शेळ्या, त्यावरच घर. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शेतं आहेत बायांनो, तुमच्या गाया बांधावर जगतील. माझ्या शेळ्यांनी वर्षभर काय धोंडे चावायचे?" बैठक गप्प झाली. कारण त्यांचं खरं होतं. चराईबंदीचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण त्याचा भार सगळ्यात आधी बसतो तो जिच्याकडं गायरानाशिवाय दुसरं काहीच नाही तिच्यावर. आणि मग काय होतं, तर रात्री कुंपण उघडतं, सकाळी भांडण होतं, आणि "या लोकांना कळतच नाही" असं म्हणायला आपण मोकळ्या.

त्या गावानं मग असं ठरवलं. गायरानाचे चार भाग. दर साली एकच भाग बंद, बाकी तिन्ही चरायला मोकळे. बंद भागातलं गवत वाळल्यावर कापायचा पहिला मान ज्यांना जमीन नाही त्यांचा, आणि त्याचे पैसे नाहीत. बाकीच्यांनी विळ्यामागं ठरलेली रक्कम द्यायची, ती राखणीला वापरायची. राखणीचा रोजगारही शेळ्यावाल्या घरातूनच द्यायचा. शेळी तशी गवतापेक्षा पाल्यावर, शेंगांवर जास्त जगते, म्हणून बंद भागाच्या कडेनं शेवरी आणि सुबाभूळ लावली आणि फांद्या छाटून न्यायची मुभा ठेवली. हे काही एका बैठकीत ठरलं नाही, तीन-चार बैठका गेल्या आणि एकदा तर पाटाचं भांडणही त्यातच निघालं. पण ठरल्यावर कुंपणाची गरज उरली नाही, मावशींचीच नजर होती. आपल्याकडं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांनी ऐकलं आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे त्या गावानं केलं, आणि माळावरचं गवत विळ्यानं कापून न्यायचं असं ठरवलं. लोक तिथं पाणी बघायला जातात. मी म्हणते गवतही बघून या, आणि तिथल्या बायकांना विचारून या की शेरडांचं काय केलंत.

गायरानात काही करायचं तर गटाचा ठराव पुरत नाही, ग्रामपंचायतीचा लागतो. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. किंवा माहीत असतं, पण शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो आणि आपण चुलीपाशी बसून सही करतो. या वेळी सही करायला सभेत जा. कोणता भाग बंद, किती दिवस, पहिला मान कुणाचा, हे सगळं ठरावात लिहून घ्या आणि मोठ्यानं वाचून घ्या. जिच्या शेळ्या आहेत ती त्या सभेत हजर हवी. नसेल तर सभा पुढं ढकला.

आता कापणी. दुसऱ्या वर्षापासून पाऊस चांगला असेल तर दोन कापण्या मिळतात, एक श्रावण-भादव्यात हिरवी, दुसरी अश्विनात वाळवायला. पाऊस कमी असेल तर एकच घ्या, लोभ नको. वाळवणीची कापणी निम्म्या काड्यांना तुरा आला की करायची. आपली सवय उलटी. गवत पिवळं पडलं, चांगलं उंच झालं, की मग विळा काढतो. ढीग मोठा दिसतो, पण कस उतरलेला असतो. तुरा येऊन गेला की काडी लाकडासारखी होते, प्रथिनं कमी होत जातात, आणि जनावर गव्हाणीत निम्मं पायाखाली तुडवतं.

कापताना जमिनीपासून अर्धी वीत सोडा. फुटव्याचा कोंब तिथंच असतो. खुरप्यानं गवत काढू नका, विळाच वापरा. खुरपं मूळ उचलतं. कापलेलं गवत एक-दोन दिवस उन्हात, अधूनमधून उलटत ठेवा, मग सावलीत पेंढ्या बांधा. हिरवट रंग आणि गोडसर वास राहिला तर वाळवणी साधली. काळं पडलं, कुबट वास आला तर ते गाभण जनावराला घालू नका. हस्ताचा पाऊस डोक्यावर असेल तर दोन दिवस थांबलेलं बरं. गंज दगडांवर किंवा लाकडांवर उचलून रचा, वर प्लास्टिकपेक्षा उसाचं पाचट किंवा जुनं छप्पर घाला, आत हवा राहील.

किती लागेल त्याचा हिशेब असा करा. एका गाईला बाकी खाण्याबरोबर रोज पाच किलो वाळलं गवत धरलं, माघ ते वैशाख हे चार महिने, तर सहाशे किलो. बऱ्या मातीत, बऱ्या पावसात गुंठ्याला तीस किलोच्या आसपास वाळलं गवत येतं असं धरलं तर वीस गुंठे लागतील. तुमची माती तशी असेलच असं नाही, म्हणून पहिल्या कापणीला दहा पेंढ्या तोलून बघा आणि आपला आकडा आपण काढा. वहीत लिहून ठेवा. गंज विकून आलेला पैसा किंवा वाढलेल्या दुधाचा पैसा कुणाच्या खात्यात जातो, तेही त्याच वहीत लिहा. गवत आपण लावायचं, कापायचं, वाहायचं, आणि डेअरीचं खातं मात्र ज्यांनी विळा हातात धरला नाही त्यांच्या नावावर, असं किती घरांत आहे ते मोजलं पाहिजे. असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

बी धरायला दरवर्षी एक तुकडा न कापता सोडा, दर साली वेगळा. मारवेलचं बी एकदम पिकत नाही, वरचं झडतं तेव्हा खालचं कच्चं असतं. म्हणून अश्विन-कार्तिकात आठ-आठ दिवसांनी दोन-तीनदा जाऊन, तुरा मुठीत धरून हलकेच ओढायचा. पिकलेलं तेवढं हातात येतं. सावलीत वाळवून सुती पिशवीत भरा, आढ्याला टांगा, उंदरांपासून जपा. पुढच्या पावसापर्यंत त्याची झोप संपलेली असते.

नुसतं गवत जनावराला पुरत नाही, द्विदल पाला हवा. मारवेलच्या दोन ओळींत स्टायलो टाकता येतं, बांधाच्या टोकांना शेवरी, हादगा. यावर मागं एका भागात बोललो आहोत, आज पुन्हा सांगत नाही.

एका ताईंनी फोनवर विचारलं होतं, "हे एकदा लावलं की किती वर्षं?" नीट सांभाळलं, दरवर्षी बी झडू दिलं, तर पुष्कळ वर्षं. गड्डा मधून पोकळ होऊन मरायला लागला की तो फोडायचा आणि कडेचे फुटवे नव्या जागी लावायचे. दुसरीनं विचारलं, शेताच्या बांधावरून ते पिकात घुसेल का. थोडं घुसतं, कोळपणीत निघतं. हराळीसारखं ते जमिनीखालून लांब लांब पळत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. गटातल्या दोघी-तिघींनी शिवारात फिरून जुन्या मारवेलचे गड्डे शोधून ठेवा, खुणेला दगड ठेवा, आणि ज्याच्या बांधावर असतील त्याला विचारून ठेवा. आत्ता ते वाळलेले दिसतील, पण पेरावरचं केसांचं कडं वाळल्यावरही राहतं, त्यावरून ओळखा. पाऊस पडून हिरवे कोंब दिसले की मगच फोडायचे. उपटलेले ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. फोन नेहमीच्याच नंबरवर करा. नमस्कार.